व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडता येतं का?

'फाइल संशयास्पद वाटतेय? मग व्हीएममध्ये उघडून बघ.' कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा सल्ला कधी ना कधी दिलाय किंवा घेतलाय. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. आत काही विपरीत घडलंच तर मशीन जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, न्यायची आणि मोकळं व्हायचं. क्लाउड कंपन्यांचा तर सगळा डोलारा याच भरवशावर उभा आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या कितीतरी ग्राहकांच्या मशीन एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी चालतात आणि एकीला दुसरीचा पत्ता लागत नाही.

हा भरवसा बऱ्याच अंशी रास्त आहे. व्हीएम फोडून बाहेर येणं फार अवघड आहे आणि ते जमणारे लोक मोजके आहेत. पण ते जमतं. ज्या ज्या वेळी जमलं, ती प्रकरणं एकापुढे एक ठेवून वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. भिंत मधोमध क्वचितच फुटते. ती फुटते खिडक्यांपाशी, म्हणजे आतल्या मशीनला बाहेरच्याशी काहीतरी बोलावं लागतं तिथे. त्या खिडक्या कोणत्या, हे एकदा नीट कळलं की हायपरवायझरच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सुरक्षेच्या बातम्या वाचताना गोंधळ होत नाही.

सुरुवात सोंगापासून करू.

व्हर्च्युअल मशीनमध्ये बसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे गेस्टला, वाटत असतं की आपण खऱ्या कॉम्प्युटरवर आहोत. समोर डिस्क आहे, नेटवर्क कार्ड आहे, कीबोर्ड आहे, घड्याळ आहे. प्रत्यक्षात यातलं बहुतेक काही तिथे नसतं. हायपरवायझर आणि त्याचे मदतनीस प्रोग्रॅम ही सगळी सोंगं वठवत असतात. गेस्ट म्हणाला, 'डिस्कवर अमुक ठिकाणी एवढं लिही', की ते होस्टवरच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवरच्या, एका मोठ्या फाइलीत लिहिलं जातं आणि 'लिहिलं' असं उत्तर अस्सल डिस्कच्या थाटात परत येतं.

सगळंच सोंग असतं असं नाही. बेरीज, वजाबाकी, तुलना अशा साध्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून तर व्हीएम इतकी झपाट्याने काम करते. प्रश्न येतो तो मशीनच्या मालकीला हात घालणाऱ्या सूचनांचा: इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेल्या हाका) बंद कर, मेमरीचा नकाशा बदल, अमुक पोर्टवर (उपकरणाशी बोलायच्या दारावर) बाइट पाठव. अशी सूचना आली की प्रोसेसरने गेस्टला तिथेच थांबवायचं, ताबा हायपरवायझरकडे द्यायचा, त्याने काय ते पाहून सोंग पुरं करायचं आणि गेस्टला पुन्हा सोडायचं. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ सालच्या शोधनिबंधात हा नियम काटेकोरपणे मांडला: मालकीशी संबंध असलेली प्रत्येक सूचना अशी अडवता आली पाहिजे. घराघरांत आणि कचेऱ्यांत पोचलेले एक्स८६ प्रोसेसर नेमके इथेच कमी पडत. त्यांच्यातल्या काही सूचना अडवल्याच जात नसत. अधिकार नसताना त्या मुकाट्याने वेगळंच वागत. व्हीएमवेअर या कंपनीने ही उणीव गेस्टच्या सूचना चालता चालता बदलून भरून काढली. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये आलेल्या झेन या हायपरवायझरने गेस्टलाच विश्वासात घेतलं, म्हणजे गेस्टच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) बदल करून 'अवघड काम आलं की मला विचार' अशी सोय केली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनचा आधार घातला, आणि २००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम हा हायपरवायझर दाखल झाला.

गेस्टकडून ताबा हायपरवायझरकडे जाण्याच्या या क्षणाला 'व्हीएम एक्झिट' म्हणतात. खिडकी ती हीच. गेस्टच्या हद्दीत सगळी अंमलबजावणी प्रोसेसर करतो आणि तो सहसा चुकत नाही. एक्झिट झाला की मात्र माणसांनी लिहिलेला कोड जागा होतो. त्याच्या हातात असतात गेस्टने दिलेले आकडे: पत्ता, लांबी, क्रमांक, आदेश. गेस्टचा ताबा शत्रूकडे असू शकतो, म्हणून यातला प्रत्येक आकडा अनोळखी माणसाने हातात ठेवलेल्या पाकिटासारखा तपासून घ्यायला हवा. हायपरवायझरच्या भेगा म्हणजे बहुतेक वेळा हीच तपासणी कुठेतरी राहून गेलेली असते.

आता एक भेग जवळून पाहू. मे २०१५ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या जेसन गेफनर यांनी जाहीर केलेली, 'व्हेनम' या नावाने ओळखली जाणारी. ती सापडली क्यूएमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये. क्यूएमू हा सोंगांचा मोठा कारखानाच आहे. केव्हीएम सहसा त्याच्या जोडीने चालतं, झेनही अनेकदा त्याची मदत घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्येही त्यातला काही कोड आहे. म्हणून एक चूक तिघांनाही भोवली.

फ्लॉपीचा कंट्रोलर असा चालतो: गेस्ट त्याच्या पोर्टवर आधी आदेशाचा बाइट पाठवतो, मग त्या आदेशाला लागणारी माहिती एकेक बाइट करून पाठवतो. हे सगळे बाइट क्यूएमू ५१२ बाइटच्या एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ओळीने ठेवत जातं आणि पुढचा बाइट कुठे ठेवायचा याची खूण एका आकड्यात राखतं. आदेशाला हवे तेवढे बाइट आले की आदेश पार पाडायचा आणि खूण पुन्हा शून्यावर आणायची. जवळजवळ सगळ्या आदेशांत हे बरोबर होत होतं. दोन आदेशांत मात्र ती खूण लगेच शून्यावर येत नव्हती. मग गेस्टने तो आदेश देऊन त्याच पोर्टवर बाइट ओतत राहायचं. ५१० झाले, ५११ झाले, ५१२ झाले, खूण पुढेच चालली. पाचशे तेरावा बाइट बफरच्या बाहेर, होस्टवर चालणाऱ्या क्यूएमूच्या स्वतःच्या मेमरीत जाऊन पडतो. तिथून पुढे काय पुसायचं आणि त्याजागी काय लिहायचं हे गेस्टमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात.

हा कोड २००४ पासून तिथे होता. अकरा वर्षं. फ्लॉपी वापरणारं तेव्हा कोणी उरलेलंही नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, झेन आणि क्यूएमूमध्ये आणखी एका वेगळ्या चुकीमुळे सेटिंगमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह बंद केला तरी तो कंट्रोलर आतून जागाच राहायचा. ॲडमिनने खिडकी लावून घेतली होती, कडी मात्र बसलीच नव्हती. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या हार्डवेअरचं सोंग कुणी वापरत नाही म्हणून कुणी तपासतही नाही; पण शत्रूला मात्र ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

असल्या चुका डिव्हाइसच्या सोंगातच होतात असं मात्र नाही. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ॲमेझॉनने आपल्या क्लाउडमधल्या दहा टक्क्यांपर्यंतच्या मशीन रीबूट करायला घेतल्या, आणि कारण सांगितलं ते फक्त 'झेनचा एक पॅच', म्हणजे एक दुरुस्ती. १ ऑक्टोबरला झेनने तपशील उघड केला. चूक एका आकड्याची होती. इंटरप्ट सांभाळणाऱ्या आधुनिक कंट्रोलरच्या रजिस्टरांसाठी (छोट्या कप्प्यांसाठी) २५६ जागा ठरलेल्या आहेत. झेनच्या कोडने १०२४ जागा धरल्या. एकेक रजिस्टर १६ बाइटचं, म्हणजे २५६ रजिस्टरं बरोबर मेमरीच्या ४०९६ बाइटच्या एका पानात (तुकड्यात) मावतात. गेस्टने तीनशेवं रजिस्टर मागितलं की झेन त्या पानाच्या पलीकडे हात घालून तिथे जे असेल ते आणून देई. पलीकडे तीन पानांपर्यंत, म्हणजे बारा किलोबाइटपर्यंत वाचता येत होतं. त्या पानांत हायपरवायझरची स्वतःची माहिती असू शकत होती किंवा शेजारच्या ग्राहकाची. इथे लिहिता काहीच येत नव्हतं, फक्त वाचता. पण शेजाऱ्याच्या मेमरीत पासवर्डही असतो आणि किल्लीही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात कठीण वाटतो, कारण यात कोड वाचताना सगळं बरोबरच दिसतं. हायपरवायझर गेस्टच्या मेमरीतला आकडा तपासतो. ठीक आहे असं ठरवतो. मग तोच आकडा पुन्हा मेमरीतून वाचून वापरतो. या दोन वाचनांच्या मध्ये काही नॅनोसेकंद जातात. गेस्टला दोन प्रोसेसर दिलेले असतील तर एकाने विनंती करायची आणि दुसऱ्याने त्याच वेळी तो आकडा सतत उलटापालटा करत राहायचं. हजारदा फसेल, एकदा बरोबर मधल्या फटीत सापडेल. तपासलं एक, वापरलं दुसरंच.

गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधन गटातल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी २०२१ मध्ये केव्हीएममध्ये अशीच चूक दाखवली. एएमडी प्रोसेसरवर व्हीएमच्या आत आणखी एक व्हीएम चालवण्याची सोय आहे. त्यासाठी गेस्ट एका तक्त्यात आतल्या मशीनची मांडणी लिहून देतो. केव्हीएम तो तक्ता जागेवरच तपासत होतं आणि नंतर पुन्हा वाचत होतं. आधीचे केव्हीएमचे जाहीर एस्केप, म्हणजे व्हीएमबाहेर पडण्याचे प्रकार, क्यूएमूसारख्या मदतनिसाच्या चुकांवर उभे होते. इथे कर्नलमधला केव्हीएमचा गाभाच फुटला, म्हणून या शोधाची खूप चर्चा झाली. यावर उपाय सांगायला सोपा आहे: गेस्टच्या मेमरीतलं काहीही आधी आपल्या मेमरीत उतरवून घ्यायचं आणि मग ती प्रतच तपासायची, तीच वापरायची. सांगायला सोपा, पण शेकडो ठिकाणी न चुकता पाळायला अवघड.

४ मार्च २०२५ ला व्हीएमवेअरच्या तीन भेगा एकदम जाहीर झाल्या, आणि त्या जाहीर होण्याआधीच प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्या कळवल्या. पहिली भेग याच 'तपासलं एक, वापरलं दुसरं' जातीची होती आणि ती गेस्ट-होस्ट यांच्यात थेट संवादासाठी बांधलेल्या व्हीएमसीआय नावाच्या मार्गात होती. दुसरी होस्टच्या कर्नलमध्ये लिहू देणारी. तिसरी मेमरी वाचू देणारी, आणि ती होती शेअर्ड फोल्डरची सोय पुरवणाऱ्या भागात. ही तीन ठिकाणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. शेअर्ड फोल्डर, कॉपी-पेस्ट, ओढून टाकलेली फाइल, थ्रीडी ग्राफिक्स, यूएसबी: जी जी सोय आत-बाहेर करायला सोपं करते, ती ती एक खिडकी आहे. २००९ मध्ये कोस्त्या कोर्चिन्स्की यांनी व्हीएमवेअरमधून बाहेर पडून दाखवलं तेही ग्राफिक्स कार्डाच्या सोंगातून. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या हायपर-व्ही या हायपरवायझरच्या नेटवर्क स्विचमधली भेग बुजवली, तिला गांभीर्याच्या दहापैकी ९.९ गुण मिळाले होते. तिथेही मूळ कारण हेच: गेस्टकडून नेटवर्कच्या निरोपात आलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, न तपासता वापरला गेला.

एवढ्या भेगा आहेत तर रोज शेकडो क्लाउड का कोसळत नाहीत, हा प्रश्न इथे पडायला हवा. एक भेग पुरत नाही, हे त्याचं उत्तर. व्हेनमसारखी चूक वापरून गेस्टमधून बाहेर पडलेला माणूस पोचतो तो क्यूएमूच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे होस्टवर चालू असलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये. नीट बांधलेल्या होस्टवर ही प्रोसेस रूट (सर्वाधिकारी) म्हणून चालत नाही. तिला कर्नलला मोजक्याच गोष्टी मागता येतात आणि एसई-लिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा-व्यवस्थेची लेबलं लावलेली असतील तर शेजारच्या व्हीएमची डिस्क फाइल उघडताही येत नाही. म्हणजे भिंत फोडून तो एका बंद खोलीतच येतो. तिथून पुढे जायला दुसरी भेग हवी, कर्नलमधली. शिवाय मेमरीतले पत्ते दर वेळी बदललेले असतात, ते कळायला माहिती गळती करणारी तिसरी भेग हवी. मार्च २०२५ च्या तिघींकडे या नजरेने पुन्हा पाहा: वाचणारी एक, व्हीएमच्या प्रोसेसमध्ये पोचवणारी एक, तिथून कर्नलमध्ये नेणारी एक. तिन्ही मिळून अख्खी साखळी होते.

याला एक अपवाद आहे आणि तो धडकी भरवणारा आहे. झेनच्या जुन्या पद्धतीत गेस्ट स्वतःच्या मेमरीचे नकाशे स्वतः बनवायचा आणि झेन प्रत्येक बदल तपासून मंजूर करायचं. वेळ वाचावा म्हणून एक जवळची वाट ठेवली होती: किरकोळ बदल असेल तर पूर्ण तपासणी नको. ही वाट घेताना 'हे छोटं पान आहे की मोठं' हे सांगणारा एक बिट पाहायचा राहून गेला. त्या एका बिटाच्या आधारे गेस्टला मोठ्या पानाखाली येणाऱ्या सगळ्या मेमरीवर, नकाशांसकट, लिहिण्याचा हक्क मिळायचा. इथे साखळीची गरजच नव्हती. एका उडीत सगळी मशीन हाती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही चूक उघड झाली तेव्हा ती सात वर्षं तिथे होती. सुरक्षेसाठीच बांधलेल्या क्यूब्स ओएसचा तर सगळा भर झेनवर होता. त्यांनी झेनच्या कामाच्या पद्धतीवर उघडपणे कडक टीका केली आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती जुनी पद्धत जवळपास सोडून मेमरीच्या विभागणीचं काम प्रोसेसरवर सोपवलं. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. जे काम प्रोसेसर मुकाट्याने करतो ते हजारो ओळींच्या कोडने करायचं कशाला?

मात्र प्रोसेसरवर भार टाकला म्हणजे निश्चिंत झालो, हा समज जानेवारी २०१८ मध्ये मोडला. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोन भेगा जाहीर झाल्या आणि कळलं की वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर निकाल टाकून देतो, पण त्या धावपळीच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या झटपट मेमरीत, राहतात. वेळ मोजून त्या खुणा वाचता येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेली एल१टीएफ तर हायपरवायझरच्या वर्मावरच बोट ठेवणारी होती. नकाशातली एखादी नोंद 'हे पान हजर नाही' असं सांगत असली तरी इंटेलचे प्रोसेसर त्या नोंदीतला पत्ता घेऊन सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये आधी डोकावून घेत. गेस्ट स्वतःच्या नकाशात हवा तो पत्ता लिहू शकतो. मग हायपरवायझरने कितीही नीट भिंत बांधलेली असो, त्या कॅशमध्ये त्या क्षणी जे असेल ते गेस्टला कळू शकायचं. हायपरथ्रेडिंगमध्ये एकाच कोअरवर दोन धागे तीच कॅश वाटून घेतात, म्हणजे शेजारी दुसरा ग्राहक असेल तर त्याचंही. उपाय म्हणून गेस्टमध्ये परत जाताना दर वेळी ती कॅश रिकामी करायची आणि एका कोअरवर दोन परके गेस्ट बसवायचे नाहीत. दोन्हींची किंमत वेगात मोजावी लागते.

हा अध्याय संपलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 'व्हीएमस्केप' जाहीर केलं: गेस्ट प्रोसेसरच्या अंदाजयंत्राला अशी सवय लावतो की होस्टवरचं क्यूएमू चुकीच्या अंदाजाने चालावं आणि त्याच्या मेमरीतलं गुपित खुणांतून बाहेर यावं. एएमडीच्या झेन ४ प्रोसेसरवर (झेन हायपरवायझरशी याचा संबंध नाही, फक्त नाव सारखं ऐकू येतं) सेकंदाला ३२ बाइट गळत होते. ऐकायला थेंबभर वाटतं, पण डिस्कची एन्क्रिप्शन किल्ली तेवढीच असते.

मेमरीच्या चिपांचीही एक हकिगत इथे सांगायलाच हवी. एकाच होस्टवर अनेक गेस्ट असले की त्यांच्या मेमरीत कितीतरी पानं तंतोतंत सारखी असतात. जागा वाचवायला होस्ट अशी दोन पानं एक करतो. कुणी बदल करायला गेलं की त्याला वेगळी प्रत देतो. २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी याचा दुरुपयोग दाखवला. शेजारच्या मशीनमध्ये लॉगिनसाठी ठेवलेली सार्वजनिक किल्ली गुप्त नसते. हल्लेखोराने तेच पान स्वतःच्या मेमरीत हुबेहूब तयार केलं. होस्टने दोन्ही पानं एक केली, आणि नेमकी हल्लेखोराने निवडलेल्या जागी. मग रोहॅमर, म्हणजे चिपमधल्या शेजारच्या ओळी इतक्या वेगाने वाचत राहायच्या की मधल्या ओळीतला एखादा बिट आपोआप उलटतो. पानावर 'लिहिलं' कुणीच नाही, म्हणून वेगळी प्रतही निघाली नाही. किल्लीतला एक बिट बदलला, बदललेल्या संख्येचे अवयव पाडता आले, आणि नव्या किल्लीने शेजाऱ्याचं दार उघडलं. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. म्हणूनच परक्या ग्राहकांमध्ये पानं एक करण्याची सोय बंद ठेवावी असं आता सांगितलं जातं.

इतकं सगळं वाचल्यावर वाटेल की खरे हल्ले असेच नाजूक कारागिरीचे असतात. बहुतेक तसे नसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्ज' या खंडणीच्या व्हायरसने जगभरातले हजारो व्हीएमवेअर सर्व्हर कुलूपबंद केले, तेव्हा कुणी गेस्टमधून बाहेर आलं नव्हतं. हल्लेखोर मागच्या दाराने आले. होस्टवर चालणाऱ्या ओपनएसएलपी या सेवेतली जुनी भेग वापरली गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ही सेवा ४२७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असते. पॅच दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. इंटरनेटला थेट जोडलेला होस्ट आणि न लावलेला पॅच एवढंच पुरे झालं. २०२४ मध्ये आणखी एक प्रकार उजेडात आला: डोमेनला, म्हणजे कंपनीच्या वापरकर्त्यांच्या सामाईक यादीला, जोडलेला ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरवायझर) होस्ट 'ईएसएक्स ॲडमिन्स' या नावाच्या गटातल्या कुणालाही पूर्ण अधिकार देत होता आणि असा गट खरोखर अस्तित्वात होता का हेही पाहत नव्हता. डोमेनमध्ये त्या नावाचा गट बनवला की काम झालं. खंडणीखोरांना होस्ट का आवडतो हे उघड आहे. एकेक मशीन फोडत बसण्यापेक्षा शंभर मशीनच्या डिस्क फाइली एका ठिकाणी सापडतात.

मग हायपरवायझर बांधणाऱ्यांनी काय केलं? माझ्या मते त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे सोंगं कमी करणं. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुलं केलेलं फायरक्रॅकर याचं चांगलं उदाहरण आहे. क्यूएमूचा पसारा चौदा लाख ओळींच्या वर, फायरक्रॅकर साधारण पन्नास हजारांचं. त्यात डिस्क आहे, नेटवर्क आहे, होस्टशी बोलायला एक सॉकेट आहे, सिरियल कन्सोल आहे आणि मशीन थांबवण्यापुरता कीबोर्ड कंट्रोलर आहे. फ्लॉपी नाही, ग्राफिक्स कार्ड नाही, यूएसबी नाही. शिवाय ते रस्ट भाषेत लिहिलंय. व्हेनमसारखा बफरबाहेरचा बाइट त्या भाषेत सहसा निमूटपणे लिहिला जात नाही, प्रोग्रॅम तिथेच थांबतो. दुसरीकडे एएमडीचं एसईव्ही आणि इंटेलचं टीडीएक्स गेस्टची मेमरीच कूटबद्ध करतात, म्हणजे होस्ट फुटला तरी आतलं सहजी वाचता येऊ नये. त्यांच्याही भेगा निघाल्या आहेत आणि निघत राहतील, पण होस्टवर आंधळा विश्वास ठेवायची सक्ती त्यांनी मोडली हे मोठं काम आहे.

आपल्या हातात काय उरतं? व्हायरस तपासायला व्हीएम वापरत असाल तर शेअर्ड फोल्डर, एकत्र क्लिपबोर्ड, थ्रीडी आणि यूएसबी बंद करा. मशीन बनवताना आपोआप जोडली गेलेली साउंड कार्ड, फ्लॉपी, सिरियल पोर्ट अशी उपकरणं काढून टाका. आतलं आत राहावं म्हणून बनवलेल्या मशीनला या खिडक्या लागतच नाहीत. होस्ट सांभाळत असाल तर त्याचं व्यवस्थापन वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, न लागणाऱ्या सेवा थांबवा, आणि प्रोसेसरच्या मायक्रोकोडचे, म्हणजे त्याच्या आतल्या सूचनांचे, अपडेट टाळू नका, कारण एल१टीएफसारख्या भेगांचे उपाय नुसत्या सॉफ्टवेअरने पुरे होत नाहीत.

आणि पॅच लावल्यावर एक गोष्ट आवर्जून तपासा, कारण इथे जाणती माणसंही चुकतात. क्यूएमूचं नवं पॅकेज होस्टवर बसवलं म्हणून आधीपासून चालू असलेल्या मशीन नव्या कोडवर जात नाहीत. प्रत्येक व्हीएम ही होस्टवरची एक प्रोसेस आहे, आणि ती सुरू होताना जो कोड मेमरीत आला तोच ती शेवटपर्यंत चालवते. गेस्टच्या आत रीबूट केलं तरी होस्टवरची ती प्रोसेस तीच राहते. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते, किंवा लाइव्ह मायग्रेशनने, म्हणजे चालू असतानाच, पॅच लावलेल्या होस्टवर हलवावी लागते. व्हेनमच्या वेळी हे करायचं राहिलेल्या ठिकाणी पॅकेजची यादी नवी दाखवत असतानाही फ्लॉपीची ती जुनी खूण ५१२ च्या पुढे जायला तयारच होती. तेव्हा आज होस्टवर लॉगिन करून दोन तारखा शेजारी ठेवून पाहा: शेवटचा पॅच कधी लावला, आणि प्रत्येक व्हीएमची प्रोसेस कधी सुरू झाली. प्रोसेसची तारीख पॅचच्या आधीची निघाली, तर ती मशीन अजून जुन्याच कोडवर चालतेय.